पेरुंगुडीत ‘आई’ म्हणायची पंचाईत

आमच्या कोल्हापूरच्या गच्चीतून हायवे दिसतो. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी त्याला ‘पुण्याचा रस्ता’ म्हणत आलेय. तोच रस्ता दुसऱ्या अंगानं चेन्नईला जातो, हे मला मंदारनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, मोबाईलवर नकाशा मोठा करून दाखवलं तेव्हा कळलं. त्याला श्रीपेरुंबुदूरच्या एका गाड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली होती. माझ्या कंपनीचं एक ऑफिस चेन्नईत पेरुंगुडीला होतंच. आणि आमची रेवा साडेतीन वर्षांची, म्हणजे शाळेचंही काही अडत नव्हतं. “घरामागून रस्ता पकडायचा आणि कारखान्याच्या दारापर्यंत सोडायचाच नाही,” मंदार म्हणाला. एवढ्यावर मी हो म्हटलं. माझं असंच असतं.

गल्लीत मात्र आम्ही अमेरिकेला निघाल्यासारखी चर्चा. शेजारचे काका म्हणाले, “त्यापेक्षा दुबई परवडली की गं. तिथं निदान हिंदी तरी चालतं.” सासूबाईंनी कांदा-लसूण मसाल्याचे डबे इतके भरून दिले की डिकीत कपड्यांना जागा उरली नाही. निघताना रेवाला जवळ घेऊन म्हणाल्या, “तिकडं गेलीस तरी मराठीत बोलायचं बरं का बाळ.” रेवानं मान डोलावली आणि सांडगी मिरचीच्या पिशवीवर डोकं टेकून झोपून गेली.

आता रस्त्याबद्दल, कारण बरेच जण तेच विचारतात. जूनमध्ये, लहान मूल घेऊन, स्वतःच्या गाडीनं जायचं असेल तर दोन दिवस ठेवा, एका दिवसाचा हट्ट करू नका. पहाटे निघालात तर दावणगेऱ्याला जेवणाच्या वेळेला पोचता, आणि तिथं लोण्याचा डोसा खाल्ला नाही तर प्रवास फुकट. फास्टॅगमध्ये भरपूर पैसे ठेवा, टोलनाके संपतच नाहीत. चित्रदुर्गाच्या आसपास डोंगरांवर पवनचक्क्या दिसतात. रेवा त्यांना ‘मोठे पंखे’ म्हणाली आणि ते कुणाला गरम होतंय म्हणून लावलेत, हे तुमकूरपर्यंत विचारत राहिली. तुमकूरला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी बंगळूरच्या बाहेरून निघून होसूर, कृष्णगिरी.

कृष्णगिरीच्या अलीकडे मी मंदारला गाडी बाजूला घ्यायला लावली. काहीच नव्हतं तिथं, एक आंबेवाला आणि मैलाचा दगड. पण त्या दगडावर एकही अक्षर मला वाचता येत नव्हतं. कन्नड वाचता येत नसलं तरी आम्हा कोल्हापूरकरांना ती पाटी परकी वाटत नाही, ये-जा असते. ही अक्षरं मात्र नवीकोरी. आणि रस्ता तोच. आमच्या गच्चीखालचा. मी आंबे घेतले, आंबेवाल्यानं काहीतरी विचारलं, मी हसले, तोही हसला. गाडीत बसल्यावर माझ्या अंगावर काटा आला होता, उन्हात. आपण एवढ्या मोठ्या देशाचे आहोत, हे शाळेत शिकतो खरं, पण कळतं ते असं, हातात आंबे घेऊन.

दुपारी आंबूरला बिर्याणी. सोबत आंबट वांग्याचं कालवण देतात. मंदार म्हणाला, “पांढरा रस्सा नाही, तरी चालतंय की.” कोल्हापूरच्या माणसाच्या तोंडून याहून मोठं सर्टिफिकेट मिळत नाही. संध्याकाळी श्रीपेरुंबुदूरला पोचलो तेव्हा पाळी सुटली होती आणि कंपन्यांच्या बसची रांगच रांग रस्त्यावर आली होती. खिडक्यांमध्ये सगळी तरुण पोरं-पोरी, कितीतरी मुलींच्या केसांत गजरे. दिवसभर मशीनवर काम करून गजरा ताजा कसा राहतो, हे मला अजून उमगलेलं नाही.

पेरुंगुडीत आमचं घर चौथ्या मजल्यावर. ॲडव्हान्स, म्हणजे घरभाड्याचं डिपॉझिट, कोल्हापूरच्या मानानं घशात घास अडकेल एवढा मागतात, मन घट्ट करून या. पिण्याचं पाणी मोठ्या कॅननं येतं. कॅनवाला, इस्त्रीवाला, लिफ्टमधली बाई, जो भेटेल तो पहिल्यांदा एकच विचारतो, “साप्टाच्चा?” जेवलात का. आधी मला वाटलं, आपण उपाशी दिसतोय की काय. मग कळलं, हे ‘कसं काय’ आहे. आणि निघताना कुणी ‘जाते’ म्हणत नाही. “पोयिट्टु वरेन,” जाऊन येते. अगदी आपल्यासारखं. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा लिफ्टचं दार धरून उभी राहिले. उंबऱ्यावर ‘जाते’ म्हणू नये हे मला माझ्या आईनं डोळे वटारून शिकवलेलं, आणि इथं कुणाच्या तरी आईनं तेच, तसेच डोळे वटारून शिकवलं असणार.

खालच्या मजल्यावर एक राव काका राहतात. रेल्वेतून निवृत्त झालेले. पहिल्या आठवड्यात ते जिन्यात थांबून म्हणाले, “तुम्ही कोल्हापुराहून आलांत ना? आम्ही तंजावरचे. मराठीच.” त्यांचं मराठी ऐकून मी थक्क झाले. शब्द जुने, चाल सगळी तमिळ. पिढ्यान्‌ पिढ्या इथं राहून त्यांनी ते घरात जपलंय. “नातवंडांस मात्र येत नाही,” ते म्हणाले. “ऐकतात, उत्तर तमिळांत देतात.” मी त्या वेळी नुसतं ‘अरेरे’ म्हटलं आणि वर आले. ते वाक्य माझ्या मागोमाग जिना चढून येणार आहे, हे मला कुठं ठाऊक.

रेवाला जवळच्या प्लेस्कूलमध्ये घातलं. तिथं मुलांना सांभाळायला लक्ष्मी अक्का होत्या. कपाळाला ठसठशीत कुंकू, आवाज खणखणीत, आणि मुलं त्यांच्या मांडीवरून उतरायला तयार नसत. रेवा सुरुवातीला रडणार, हे धरलेलंच होतं. पण काही दिवसांनी शाळेच्या बाईंचा फोन आला. इंग्रजीत, फार काळजीनं. तुमच्या मुलीच्या पोटाचं काहीतरी बघा, ती सारखी संडासला जायचं म्हणते, नेलं की काही होत नाही, आणि मग आणखीच रडते.

झालं. मी आंबे बंद केले. आंबूरच्या बिर्याणीला दोष दिला. पाण्याचा कॅन बदलला. डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले, पोट उत्तम आहे. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर ओव्याचा अर्क कसा करायचा ते सांगितलं. रेवा बिचारी दहीभातावर. घरी विचारलं तर म्हणे, “मी नाही म्हणत. त्याच नेतात.”

एका संध्याकाळी जिन्यात राव काकांना हे सगळं सांगत होते. एवढ्यात वरून रेवानं हाक मारली, “आईऽऽ, आई!” काका एकदम हसायला लागले. कठडा धरून हसले. मग माझं तोंड बघून त्यांनी स्वतःला आवरलं.

“अहो, पोर तुम्हांस बोलावत्ये,” ते म्हणाले. “पण इथल्या बायांस काय ऐकू येतें? लहान मुलांच्या तमिळांत ‘आय’ म्हणजे शी. संडास. आय, आय म्हणून पोर रडलें तर कोणीही धावत मोरीकडेच नेणार.”

मी पायरीवर बसले. म्हणजे माझी पोर नव्या जागी, नव्या माणसांत, जीव तोडून आईला हाक मारत होती, आणि प्रत्येक हाकेला तिला उचलून संडासात उभं करत होते. “आय वरुदा, कण्णा?” लागलीय का गं बाळा? आणि ती आणखी मोठ्यानं ‘आई’. हसावं की रडावं कळेना, म्हणून मी दोन्ही केलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत सांगून आले. बाईंनी कपाळावर हात मारला. लक्ष्मी अक्कांनी तर रेवाचे दोन्ही गाल धरून तिची माफी मागितली, तमिळमध्ये, बराच वेळ. प्रश्न सुटला असं मी धरलं. तो तिथून सुरू झाला. कारण मुलांना कळलं होतं. “आय! आय!” म्हणून वर्ग खिदळायला लागला, मुलंच ती, त्यांना यापरता विनोद नाही. आणि रेवानं तो शब्द टाकून दिला. शाळेत नाही, घरीही नाही. मी झाले अम्मा.

“अगं, भाषा शिकतेय, चांगलंच आहे,” मंदार म्हणाला. त्याचं काय जातंय, अप्पा काय आणि बाबा काय, त्याला कुणी हसत नव्हतं. मला या गावाचं सगळं मनापासून हवं होतं, खरंच सांगते. मी फिल्टर कॉफी करायला शिकले, दारात पिठाचं कोलम घालायला शिकले, दुकानात ‘एव्वळवु’, म्हणजे केवढ्याला, विचारायला शिकले. पण हा एक शब्द मी कोल्हापूरहून रेवाच्या तोंडात घालून आणला होता, आणि तो मला परत हवा होता. तिला चुचकारून बघितलं, “आई म्हण ना.” ती माझ्या तोंडावर हात ठेवायची आणि इकडेतिकडे बघायची, कुणी ऐकलं तर नाही ना. कॉलवर सासूबाईंनी ते ऐकलं. म्हणाल्या, “अम्मा तर अम्मा. पोरीला बोलायला लावू नको.” त्यांनी समजूत घातली, पण कॉल नेहमीपेक्षा लवकर ठेवला. राव काकांची नातवंडं मला जिन्यात रोज दिसायची.

एका रविवारी कोवलमला गेलो, केरळातलं नव्हे, चेन्नईजवळचं. तिरुवान्मियूरपर्यंत रिक्षा, पुढे ईसीआरवरून, म्हणजे किनाऱ्याकडेच्या रस्त्यानं, बस. साध्या बसमध्ये बायकांना तिकीट नाही, त्यामुळे मंदारनं एकट्यानं तिकीट काढलं आणि किनाऱ्याला पोचेपर्यंत ते बोलून दाखवलं. सकाळी लवकर जा, बोटी तेव्हा परततात. वाळूवर जाळी पसरलेली, माशांचे ढीग, आणि ढिगापाशी बसलेल्या बायका अशा काही आवाजात भाव सांगतात की समुद्राला मध्ये बोलायला जागा मिळत नाही. एकीनं मला बोलावून वंजराम दाखवला, म्हणजे आपली सुरमई. मी ‘सुरमई’ म्हटलं, ती ‘वंजराम’ म्हणाली, दोघी आपापल्या शब्दावर ठाम राहिलो आणि मासा घेतला.

रेवा पाण्याच्या कडेला शिंपले वेचत होती, मंदार शेजारीच. एक लाट जरा पुढपर्यंत आली आणि ती बसकन पडली. लागलं काही नाही, घाबरली फक्त. आणि किंचाळली, “अम्माऽऽ!”

मासे विकणाऱ्या सगळ्या बायकांनी एकदम माना वळवल्या. सगळ्यांच्या सगळ्या. हातातला मासा तसाच धरून एक तर उठून उभी राहिली. त्या किनाऱ्यावरची प्रत्येक आई त्या हाकेला वळली, आणि वळणाऱ्यांत सगळ्यांत शेवटची मी होते. मला क्षणभर कळलंच नाही की हाक मला आहे. त्या बायकांकडे बघून मला भरून आलं, केवढी मोठी हाक आहे ही, केवढ्या जणींना पोचते. आणि त्याच वेळी दुसरं काही लक्षात आलं. घाबरल्यावर माणूस ठरवून बोलत नाही. म्हणजे तो शब्द आता तिच्या आतपर्यंत गेला होता. बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. मंदारनं तिकिटाचा विषयसुद्धा बंद केला.

मग आडी महिना आला. आपला आषाढ-श्रावण म्हणा. या महिन्यात इथं गल्लोगल्ली देवीच्या देवळांपुढे मांडव पडतात, कडुनिंबाच्या डहाळ्यांची तोरणं लागतात आणि सकाळपासून कर्णे सुरू होतात. लक्ष्मी अक्कांनी शाळा सुटताना मला गाठलं. त्या झाल्या प्रकारानं अजून शरमिंद्या होत्या. अर्धं तमिळ, अर्धं हातवारे. रविवारी आमच्या गल्लीत या, कूळ नावाचा देवीचा प्रसाद वाटतात, पापाला घेऊन या. पापा म्हणजे लहान मूल. मंदारला पहिल्यांदा वाटलं होतं, त्यालाच बोलावलंय.

तुम्ही पेरुंगुडी म्हणून जे बघता, ती काचेची ऑफिसं, त्यांच्या पाठीमागे एक जुनं गाव आहे. माझ्या ऑफिसच्या कॅन्टीनमधून त्या देवळाचा रंगीत कळस दिसतो, मी रोज बघायची, रस्ता कुठून आहे ते माहीत नव्हतं. रविवारी दुपारी आम्ही त्या गल्लीत शिरलो. पिवळी लुगडी नेसलेल्या बायकाच बायका, ओले केस मोकळे सोडलेले, हातात कडुनिंब. देवळापुढे मोठमोठी पातेली. लक्ष्मी अक्कांनी माझ्या हातात वाटी दिली. राखाडी, पातळसर, आंबूस वास. मी एक घोट घेतला आणि मंदारकडे बघितलं. त्यानं त्याच्या वाटीतून वर बघितलं.

“आंबील,” तो म्हणाला.

आंबीलच होती. नाचणीची, ताक घातलेली, वर बारीक कांदा. आमच्या कोल्हापुरात रेणुकेच्या देवळाला आंबील यात्रा भरते, तिथं सासूबाई दरवर्षी डबा घेऊन जातात, तीच आंबील. मी अक्कांना विचारलं, ही देवी कोण. त्या म्हणाल्या ते मला सगळं समजलं नाही, पण मधे एक शब्द आला, रेणुका. मी पुन्हा विचारलं. “आमा, रेणुका,” त्या म्हणाल्या. हो, रेणुकाच. मी वाटीतला आणखी एक घोट घेतला. रस्ता तोच, मला वाटलं, त्यावरून आमच्या आधी देवी येऊन बसलीय. की ती इथून तिकडे गेली, कोण जाणे.

तेवढ्यात ढोल वाढले. एक म्हातारी पुढं आली, अंगात आलेली, डोळे मिटलेले. आणि तिनं आभाळाकडे हात करून हाक मारली, “आयीऽऽ! ताये!” आणि अख्ख्या गल्लीनं तिच्यामागून उचलली, “आयी! आयी!”

रेवानं माझा हात घट्ट धरला. तिचा चेहरा पांढराफटक. ती सगळीकडे बघत होती, कोण हसतंय ते. कुणीच हसत नव्हतं. बायका रडत होत्या, हात जोडत होत्या, लक्ष्मी अक्कासुद्धा.

“ह्या कुणाला हाक मारतायत?” तिनं विचारलं.

“आईला.”

“त्यांच्या?”

“सगळ्यांच्या.”

अक्कांनी डोळे पुसले, खाली वाकल्या आणि रेवाला म्हणाल्या, “आयी-न्ना अम्मा दान, कण्णा.” आयी म्हणजे अम्माच गं. त्यांच्या गावाकडे पूर्वी आईला आयीच म्हणायचे, त्यांची आजी म्हणायची. हे मला नंतर राव काकांनी फोनवर त्यांच्याशी बोलून नीट सांगितलं. त्या वेळी मला एवढंच कळलं की ज्या बाईनं माझ्या मुलीची हाक ऐकून तिला संडासात नेलं होतं, त्याच बाईच्या आजीचा तो शब्द होता.

रेवा अक्कांच्या हातातल्या ताटाकडे बघत होती. ताटात आंबिलीबरोबर तळलेल्या मिरच्या होत्या, ताकात मुरवून वाळवलेल्या. मी नको म्हणेपर्यंत तिनं एक उचलून कचकन चावली. आणि मग सगळा ढोल भेदून तिचा आवाज आला.

“आई गंऽऽ!”

आजूबाजूला कुणी वळलं नाही. तिथं सगळेच तेच ओरडत होते. अक्कांनी तिला उचललं, या खेपेला मोरीकडे नेलं नाही. सरळ माझ्या कडेवर दिलं. मी तिथं भर गल्लीत रडले. एकटी मीच रडतेय असंही नव्हतं, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही.

दिवाळीला आम्ही कोल्हापूरला आलो, त्याच रस्त्यानं. कृष्णगिरीला तो मैलाचा दगड या वेळी मी मोठ्यानं वाचला, अक्षर लावत लावत. आता इथं बसून लिहितेय, तर लोक विचारतात, मग काय आणलंस तिकडून? डिकी भरून कॉफीची पूड आणलीय, हे खरं. बाकी काय आणलं ते भाऊबीजेच्या दिवशी सगळ्यांनीच ऐकलं. घर पाहुण्यांनी भरलेलं, मी स्वयंपाकघरात, आणि रेवा बाहेरच्या खोलीतून पळत आली, दोन्ही पाय एकमेकांवर दाबून, घरभर ऐकू जाईल अशा आवाजात.

“आई! आय आली! आय आली!”

माझ्या सासूबाई कागलकडच्या. त्यांच्या माहेरी आईला आय म्हणतात. त्या हातातली करंजी ठेवून लगबगीनं उठल्या आणि दाराकडे निघाल्या.

“कुनाची आय आली गं?” त्यांनी उंबऱ्यातून रस्त्यावर डोकावत विचारलं.

मंदार खुर्चीवरून घसरला. मी रेवाला उचललं आणि मोरीकडे धाव घेतली, हसताना मला धड चालता येईना. मागून सासूबाईंचा आवाज येत होता, “अरे, पर बाहेर कुनीच न्हाई.” रेवानं माझ्या गळ्याला मिठी मारली होती आणि कानात सारखी म्हणत होती, “आई, लवकर. आई, लवकर चल ना.”